मासिकाचं मुखपृष्ठ कसं डिझाइन करायचं? व्हेक्टर आणि रास्टर इमेज म्हणजे काय?

कॉलेजच्या वार्षिकांकाचं मुखपृष्ठ मी पहिल्यांदा मोबाईलवरच बनवलं होतं. स्क्रीनवर एकदम भारी दिसत होतं. अंक छापून हातात आला तेव्हा मात्र फोटो धुरकट होता आणि अंकाच्या नावाच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. सगळे अंक तसेच वाटावे लागले. चूक माझीच होती. तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून आज हा विषय समजून घेऊया.

रास्टर म्हणजे काय?

रास्टर इमेज म्हणजे बारीक रंगीत चौकोनांची जाळी. एक चौकोन म्हणजे एक पिक्सेल. मोबाईलने काढलेला फोटो रास्टर असतो. जेपीजी आणि पीएनजी हे त्याचे नेहमीचे फॉरमॅट. फोटो मोठा केला की नवीन तपशील येत नाहीत, आहेत तेच पिक्सेल ताणले जातात.

व्हेक्टर म्हणजे काय?

इथे पिक्सेल नसतात. रेषा कुठून कुठे जाते, किती वळते, आत कोणता रंग भरायचा, हे गणिताच्या रूपात साठवलेलं असतं. त्यामुळे तोच लोगो व्हिजिटिंग कार्डवर छापा नाहीतर होर्डिंगवर, कडा स्वच्छच राहतात. एसव्हीजी हा व्हेक्टरचा फॉरमॅट. आपण टाईप करतो ती फॉन्टमधली अक्षरंही सहसा व्हेक्टरच असतात.

मुखपृष्ठावर काय कशात ठेवायचं?

फोटो रास्टर. अंकाचं नाव, मथळे, लोगो आणि नक्षी व्हेक्टर. मी फोटो एडिटिंग ॲपमध्ये फोटोवरच नाव टाकलं आणि सगळं मिळून एक जेपीजी सेव्ह केली. तिथेच अक्षरांचेही पिक्सेल झाले!

फोटो पुरेल का? हिशोब करा

चांगल्या छपाईसाठी साधारण एका इंचाला ३०० पिक्सेल धरतात. ए४ पान २१० × २९७ मिमीचं असतं. छापल्यावर कडा कापतात, म्हणून चारही बाजूंना ३ मिमी जास्त ठेवतात. याला ब्लीड म्हणतात. म्हणजे रुंदी झाली २१६ मिमी, साधारण साडेआठ इंच. त्यासाठी २५५० पिक्सेल हवेत. माझा फोटो चॅटवर आलेला, फक्त ९६० पिक्सेल रुंद. म्हणजे इंचाला जेमतेम ११३! मूळ फोटो ३००० पिक्सेलचा होता, तो सहज पुरला असता.

काम करताना लक्षात ठेवा

१. मूळ फोटो मागवा. चॅटवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

२. कॉम्प्युटरवर इंकस्केपसारखं मोफत सॉफ्टवेअर घ्या. फोटो इम्पोर्ट करा आणि नाव त्याच्यावर टाईप करा.

३. शुद्धलेखन तपासून झालं की अक्षरं पाथमध्ये बदला. प्रेसकडे तुमचा फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं तुटू शकतात. पाथ केल्यावर मजकूर टाईप करून सुधारता येत नाही, म्हणून आधीची फाईल वेगळी जपून ठेवा.

४. प्रेसला पीडीएफ द्या. स्क्रीनवरचे भडक निळे-हिरवे रंग कागदावर फिके पडतात, म्हणून आधी एक नमुना प्रत छापून बघा.

आणि शेवटची तपासणी मोबाईलवरच होते. पीडीएफ उघडा आणि अंकाच्या नावावर भरपूर झूम करा. कडा स्वच्छ राहिल्या तर नाव व्हेक्टर आहे. चौकोन दिसले किंवा कडा धुरकट झाल्या, तर फाईल प्रेसला पाठवू नका. मी हे एक मिनिटाचं काम केलं नव्हतं.