मतदार नोंदणीच्या रांगेतले गाणे

'वी शॅल ओव्हरकम' आपल्याकडे 'हम होंगे कामयाब' होऊन शाळांच्या स्नेहसंमेलनांत रुळले आणि तिथे ते जरा जास्तच गोड झाले. त्याच्या मुळाशी एक संप आहे. 1945-46 साली दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन शहरात सिगार कारखान्याच्या कामगारांनी काम बंद पाडले. त्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या आणि चर्चमध्ये चालत आलेले एक भक्तिगीत त्या निदर्शनांत गात. संपातल्या काही जणींकडून ते टेनेसीतील हायलँडर फोक स्कूल या कामगार-शिक्षणाच्या शाळेत पोहोचले. तिथे संगीताचे काम पाहणाऱ्या झिल्फिया हॉर्टन यांनी ते पुढे नेले, आणि 1960 च्या एप्रिलमध्ये गाय कॅरावान यांनी ते रॅली शहरात जमलेल्या विद्यार्थी कार्यकर्त्यांना शिकवले. संप, शिबिर, विद्यार्थी संघटना असा हा प्रवास आहे. अमेरिकेतल्या वर्णभेदविरोधी लढ्यात गाण्याला नेमून दिलेली कामे होती, आणि ती करून घेणारी संघटना पाठीशी असेपर्यंतच त्याला धार होती, असे माझे म्हणणे आहे.

सर्वांत मोठे काम मतदार नोंदणीचे होते. दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार कागदावर शाबूत होता. प्रत्यक्षात नोंदणी कचेरीत गोऱ्या अधिकाऱ्यासमोर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे, आणि उत्तीर्ण कोण हे तोच ठरवी. चार्ल्सटनजवळच्या जॉन्स आयलंडवर एसॉ जेंकिन्स आपल्या बसमधल्या प्रवाशांना जाता-येता वाचायला शिकवत. पुढे सेप्टिमा क्लार्क आणि हायलँडर यांच्या मदतीने तिथे जानेवारी 1957 मध्ये प्रौढांचा वर्ग सुरू झाला. गोऱ्यांच्या नजरेत भरू नये म्हणून पुढे किराणा दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग, अशी सोय केलेली होती. शिकवायला घेतले ते केशरचनेचा व्यवसाय करणाऱ्या बर्निस रॉबिन्सन यांना; पेशाने मास्तर नसणे हीच त्यांची पात्रता धरली गेली. सही करणे, मनिऑर्डरचा फॉर्म भरणे, मग घटनेचा उतारा, असा अभ्यासक्रम. बेटावरच्या प्रार्थनाघरांत टाळ्या आणि पायांच्या ठेक्यावर गाण्याची जुनी रीत होतीच. कॅरावान तिथे गेले तेव्हा त्यांनी ती रीत आधी शिकून घेतली आणि मगच नवी गाणी पुढे केली. ओळखीच्या साच्यात नवा आशय भरायचा ही युक्ती आपल्याला परकी नाही. सत्यशोधक जलशांनी तमाशाच्या गण-गौळणीचे हेच केले होते.

31 ऑगस्ट 1962 रोजी मिसिसिपीतील रूलव्हिलहून 18 जण एका जुन्या बसने इंडियानोलाला नोंदणीसाठी गेले. परतताना पोलिसांनी बस अडवली; तिचा पिवळा रंग फार गडद आहे, हे कारण दिले. बसमध्ये भीती पसरली असताना फॅनी लू हेमर या शेतमजूर बाईंनी प्रार्थनागीते म्हणायला सुरुवात केली. त्याच रात्री मळेवाल्याने त्यांना घराबाहेर काढले. परीक्षेतही त्या नापास झाल्या होत्या, ती त्या पुढच्या जानेवारीत उत्तीर्ण झाल्या. त्या बसमधल्या गाण्याने कायदा बदलला नाही, हे खरेच. पण भ्यालेल्या माणसांना एकत्र धरणारा आवाज त्यांच्यातूनच उठला आणि त्या बाई पुढे राज्याच्या राजकारणात उभ्या राहिल्या.

जॉर्जियातील ऑल्बनीत 1961 च्या डिसेंबरमध्ये वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीत 700 हून अधिक लोक तुरुंगात गेले. तिथे जुन्या गीतांच्या ओळींत पोलीसप्रमुख प्रिचेट यांचे नाव घातले जाई. ज्याचा धाक वाटे, त्याचे नाव सगळ्या चर्चने एका सुरात घ्यायचे. याच चळवळीतल्या बर्निस जॉन्सन यांना कॉलेजमधून काढून टाकण्यात आले. 1962 मध्ये त्या 'फ्रीडम सिंगर्स' या चौघांच्या पथकात उभ्या राहिल्या. हे पथक देशभर फिरून विद्यार्थी संघटनेसाठी निधी गोळा करी आणि दक्षिणेत काय चालले आहे ते सांगे.

कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांना चळवळीतले हे गाणे म्हणणे पटत नसे. गाण्याने राग विरतो, मार खाणारा माणूस गात बसला तर मारणाऱ्याचे फावते, असा त्यांचा रोख होता. या आक्षेपात तथ्य आहे. 15 मार्च 1965 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी काँग्रेससमोरच्या भाषणात 'वी शॅल ओव्हरकम' हे शब्द उच्चारले, तेव्हा ते गाणे सत्तेच्या तोंडीही शोभू लागले होते. पण जॉन्स आयलंडवर गाणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी वर्गात जायचे होते आणि त्यानंतर कचेरीत. तिथे राग विरला नाही, कामाला लागला. दुसरा आक्षेप असा की खरे काम न्यायालयांनी आणि संसदेने केले. 1965 च्या मताधिकार कायद्यानंतर मिसिसिपीत कृष्णवर्णीय मतदारांची नोंदणी 6.7 टक्क्यांवरून 1967 पर्यंत 59.8 टक्क्यांवर गेली. ही झेप कायद्याचीच आहे, ती गाण्याच्या खात्यावर मांडणे भाबडेपणाचे होईल. तरी कायदा झाल्याबरोबर नोंदणीला जाणारी, जायचे कसे आणि का हे शेजाऱ्याला सांगणारी माणसे आधीच्या वर्षांत तयार झाली होती. टेनेसी सरकारला तरी या शाळेची किंमत नेमकी कळली असावी, कारण 1961 मध्ये त्याने हायलँडर बंद पाडले. शाळा नव्या नावाने पुन्हा सुरू झाली. 1965 च्या कायद्यातील एक मुख्य तरतूद मात्र 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेल्बी काउंटी खटल्यात निष्प्रभ केली, आणि नोंदणीचे काम पुन्हा गावोगावच्या माणसांवर येऊन पडले.