लैंगिक सेवेच्या खरेदीचे गुन्हेगारीकरण

लैंगिक सेवेच्या खरेदीचे गुन्हेगारीकरण हे वेश्याव्यवसायासंबंधीचे एक कायदेविषयक धोरण आहे. या धोरणानुसार पैसे किंवा अन्य मोबदला देऊन शरीरसंबंध ठेवणारी व्यक्ती, म्हणजेच गिऱ्हाईक, शिक्षेस पात्र ठरते; देहविक्रय करणाऱ्या व्यक्तीस मात्र त्या व्यवहाराबद्दल शिक्षा होत नाही. दलाली करणे, कुंटणखाना चालवणे आणि मानवी तस्करी हे गुन्हे कायम राहतात. स्वीडनने १ जानेवारी १९९९ पासून असा कायदा जगात सर्वप्रथम लागू केला. त्यामुळे या धोरणास स्वीडिश प्रारूप किंवा नॉर्डिक प्रारूप म्हटले जाते. समर्थक 'समता प्रारूप' हे नाव अधिक पसंत करतात. 'नॉर्डिक' हे विशेषण काहीसे दिशाभूल करणारे आहे: डेन्मार्कने असा कायदा केलेला नाही आणि फिनलंडने २००६ मध्ये केवळ तस्करीच्या किंवा दलालीच्या बळी ठरलेल्या व्यक्तीकडून सेवा घेण्यापुरतीच बंदी घातली.

संज्ञा

या विषयावरील लेखनात तीन संज्ञांची वारंवार गल्लत होते. 'कायदेशीरकरण' म्हणजे परवाने, नोंदणी व ठरावीक जागा यांच्या चौकटीत व्यवसायास मान्यता देणे; नेदरलँड्स (२०००) व जर्मनी (२००२) ही त्याची परिचित उदाहरणे होत. 'निर्गुन्हेगारीकरण' म्हणजे प्रौढांमधील संमतीच्या व्यवहारावरील फौजदारी कलमे काढून टाकून त्यास सामान्य श्रमकायद्यांच्या कक्षेत आणणे. न्यूझीलंडने २००३ मध्ये हा मार्ग स्वीकारला. तेथील संसदेत ते विधेयक ६० विरुद्ध ५९ अशा एका मताच्या फरकाने संमत झाले. तिसरी संज्ञा, म्हणजे खरेदीचे गुन्हेगारीकरण, या दोहोंहून निराळी आहे, कारण तिचे घोषित उद्दिष्ट व्यवसायाचे नियमन हे नसून मागणी घटवून तो नाहीसा करणे हे आहे.

शब्दांची निवडही वादाचाच भाग बनली आहे. बंदीचे समर्थक 'वेश्यावृत्तीत अडकलेल्या स्त्रिया' असे म्हणतात, तर विरोधक 'लैंगिक कामगार' हा शब्द वापरतात. प्रस्तुत लेखात 'देहविक्रय करणाऱ्या व्यक्ती' हा शब्दप्रयोग केला आहे. यात स्त्रिया बहुसंख्य असल्या तरी पुरुष व तृतीयपंथीय व्यक्तींचाही समावेश होतो.

स्वीडनमधील उगम

स्वीडनमधील १९९० च्या दशकातील सरकारी चौकशी समितीने १९९५ मध्ये खरेदीदार आणि विक्रेती व्यक्ती अशा दोघांनाही गुन्हेगार ठरवण्याची शिफारस केली होती. स्त्रियांच्या संघटनांनी तिला तीव्र आक्षेप घेतला. वेश्याव्यवसाय हा स्त्रियांवरील पुरुषी हिंसेचाच एक प्रकार असेल, तर हिंसा सोसणाऱ्या व्यक्तीस शिक्षा देणे विसंगत ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. १९९४ च्या निवडणुकीनंतर स्वीडिश संसदेत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांपर्यंत पोहोचले होते, हेही या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. अखेर सरकारने समितीची अर्धीच शिफारस उचलली आणि १९९८ मध्ये स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या व्यापक कायदेसंचात केवळ खरेदीवरील बंदी समाविष्ट केली.

सुरुवातीस दंड किंवा जास्तीत जास्त सहा महिने कारावास अशी शिक्षा होती. २०११ मध्ये कमाल मर्यादा एक वर्ष करण्यात आली आणि २०२२ पासून केवळ दंड भरून सुटण्याची तरतूद काढून टाकण्यात आली. १ जुलै २०२५ पासून प्रत्यक्ष संपर्काविना, म्हणजे कॅमेऱ्यासमोर, मागणीनुसार करून घेतलेल्या लैंगिक कृतीची खरेदीही या गुन्ह्याच्या कक्षेत आली.

अन्य देशांतील प्रसार

नॉर्वे व आइसलँड यांनी २००९ मध्ये स्वीडनचे अनुकरण केले. नॉर्वेचा कायदा नॉर्वेजियन नागरिकाने परदेशात केलेल्या खरेदीलाही लागू होतो. त्यानंतर कॅनडा (२०१४), उत्तर आयर्लंड (२०१५), फ्रान्स (२०१६) व आयर्लंडचे प्रजासत्ताक (२०१७) यांनी असे कायदे केले. इस्रायलच्या संसदेने २०१८ च्या अखेरीस संमत केलेला कायदा २०२० मध्ये अमलात आला. युरोपीय संसदेने फेब्रुवारी २०१४ मध्ये ३४३ विरुद्ध १३९ मतांनी या धोरणाची शिफारस करणारा ठराव केला. तो सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक नव्हता. याउलट बेल्जियमने २०२२ मध्ये निर्गुन्हेगारीकरणाचा मार्ग धरला.

कॅनडाचा कायदा वेगळ्या वाटेने आला. डिसेंबर २०१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने बेडफर्ड खटल्यात कुंटणखाना, देहविक्रयाच्या कमाईवर जगणे आणि सार्वजनिक ठिकाणी सौदा करणे यांवरील कलमे एकमताने रद्द ठरवली. ही कलमे देहविक्रय करणाऱ्या व्यक्तींना सुरक्षिततेची साधी खबरदारीही घेऊ देत नाहीत, असा निर्वाळा न्यायालयाने दिला होता. संसदेला उत्तर देण्यासाठी एक वर्षाची मुदत मिळाली आणि त्या मुदतीत तिने खरेदीच गुन्हा ठरवली. न्यायालयाने सुरक्षिततेच्या कारणास्तव जुनी कलमे काढली आणि त्यांच्या जागी आलेला कायदाही त्याच कारणास्तव टीकेस पात्र ठरला.

वादातील भूमिका

समर्थकांच्या मांडणीचा पाया संमतीच्या प्रश्नात आहे. दारिद्र्य, कर्ज, व्यसन, बालपणीचे शोषण किंवा स्थलांतराची अगतिकता यांतून दिलेला होकार हा मुक्त होकार नसतो. पैसा हा येथे संमतीचा पुरावा नसून ती मिळवण्याचे साधन असतो, असे ते म्हणतात. मागणी आहे म्हणून तस्करी फायद्याची ठरते, हा त्यांचा दुसरा मुद्दा आहे. यासाठी चो, ड्रेहर व नॉयमायर या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१३ मधील सुमारे १५० देशांच्या अभ्यासाचा हवाला दिला जातो. कायदेशीर वेश्याव्यवसाय असलेल्या देशांत तस्करीचा ओघ सरासरीने अधिक नोंदवला जातो, असा त्याचा निष्कर्ष आहे. तस्करीची आकडेवारी मुळातच कच्ची असल्याचा इशारा लेखकांनी स्वतः दिला आहे, परंतु निष्कर्ष उद्धृत करताना तो बहुधा गाळला जातो.

विरोधकांचा भर कायद्याच्या हेतूपेक्षा त्याच्या दैनंदिन परिणामांवर असतो. गिऱ्हाईक पकडले जाण्याच्या भीतीने घाईत असते; त्यामुळे त्याला पारखण्यास, दर व अटी ठरवण्यास, निरोधाचा आग्रह धरण्यास वेळ मिळत नाही. भेट आडबाजूच्या जागी होते. सभ्य गिऱ्हाईक घाबरून दूर राहते आणि ज्याला कायद्याची फिकीर नाही तोच उरतो. उत्पन्न घटल्याने त्याला नकार देणेही कठीण होते. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ मध्ये पूर्ण निर्गुन्हेगारीकरणाचे धोरण जाहीर केले. 'द लॅन्सेट'च्या २०१४ मधील लेखमालेत असा अंदाज मांडला गेला की, निर्गुन्हेगारीकरणामुळे दहा वर्षांत देहविक्रय करणाऱ्या व्यक्ती व त्यांची गिऱ्हाइके यांच्यातील एचआयव्हीचे ३३ ते ४६ टक्के नवे संसर्ग टाळता येतील.

ही दुफळी स्त्रीवादी चळवळीच्या आत आहे. ती पुराणमतवादी विरुद्ध उदारमतवादी अशी सरळ विभागणी नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेतही एकवाक्यता नाही. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावासंबंधीच्या कार्यगटाने २०२३ मध्ये निर्गुन्हेगारीकरणाची बाजू घेतली, तर स्त्रियांवरील हिंसाचारासंबंधीच्या विशेष प्रतिवेदक रीम अलसालेम यांनी २०२४ मध्ये खरेदीवर बंदी घालण्याची शिफारस केली.

परिणामांचे मोजमाप

या वादातील सर्वाधिक उद्धृत होणारे विधान स्वीडनमधील २०१० च्या सरकारी मूल्यमापनातील आहे. आना स्कारहेड यांच्या अध्यक्षतेखालील या चौकशीने १९९९ पासून रस्त्यावरील वेश्याव्यवसाय निम्म्यावर आल्याचे नमूद केले. रस्त्यावरील घट विरोधकही फारशी नाकारत नाहीत. मतभेद तिच्या अर्थाविषयी आहे. त्याच दशकात भ्रमणध्वनी व आंतरजाल यांच्यामुळे व्यवहार सर्वच देशांत रस्त्यावरून हटत होता आणि बंद दाराआडच्या व्यवहाराची कायद्यापूर्वीची विश्वासार्ह मोजणी उपलब्ध नव्हती. शिवाय खरेदी हा गुन्हाच राहील हे गृहीत धरूनच चौकशी करण्याची अट सरकारने घातली होती. देहविक्रय करणाऱ्या व्यक्तींना जाणवणारा वाढता कलंक ही कायद्याच्या उद्दिष्टाच्या दृष्टीने सकारात्मक बाब मानता येईल, असे अहवालात म्हटले गेले. त्यावर मोठी टीका झाली.

नॉर्वेतील २०१४ च्या मूल्यमापनानेही बाजार आक्रसल्याचा निष्कर्ष काढला. त्याच अहवालानुसार तो आता खरेदीदाराचा बाजार झाला आहे, म्हणजे दर व अटी गिऱ्हाईक ठरवते. एकच निरीक्षण दोन्ही बाजूंना पुरावा म्हणून कसे वापरता येते, याचे हे चांगले उदाहरण आहे. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासाला मागणी घटल्याचे आढळले नाही.

विक्रेत्या व्यक्तीस शिक्षा नाही हे तत्त्व प्रत्यक्षात कितपत टिकते, हा यापुढचा प्रश्न आहे. ओस्लो पोलिसांनी राबवलेल्या एका मोहिमेत, देहविक्रय करणाऱ्या भाडेकरूंना घराबाहेर न काढल्यास दलालीचा गुन्हा दाखल होईल, अशी ताकीद घरमालकांना दिली जात असे. आयर्लंडमध्ये एका जागेत दोन स्त्रिया देहविक्रय करत असतील तर ती जागा कुंटणखाना ठरते आणि २०१७ च्या कायद्याने त्या गुन्ह्याची शिक्षा वाढवली. २०१९ मध्ये किल्डेअर परगण्यात एकाच सदनिकेतील दोन स्थलांतरित तरुणींना या कलमाखाली नऊ महिन्यांचा कारावास झाला. त्यांपैकी एक गरोदर होती. सुरक्षिततेसाठी दोघींनी एकत्र राहणे हाच येथे गुन्हा ठरला.

फ्रान्समध्ये पहिल्या गुन्ह्यास १,५०० युरोपर्यंत व पुनरावृत्तीस ३,७५० युरोपर्यंत दंड आहे. २०१६ च्या कायद्याने देहविक्रय करणाऱ्या व्यक्तींवरील इशारेबाजीचा जुना गुन्हा रद्द केला आणि व्यवसाय सोडू इच्छिणाऱ्यांसाठी तात्पुरता निवासपरवाना, प्रशिक्षण व भत्ता देऊ केला. सुरुवातीस हा भत्ता दरमहा सुमारे ३३० युरो होता; पॅरिसमधील घरभाड्याच्या तुलनेत तो अगदीच तुटपुंजा होता. 'जगाचे डॉक्टर' या वैद्यकीय संस्थेच्या २०१८ मधील पाहणीत ६३ टक्के उत्तरदात्यांनी राहणीमान खालावल्याचे, ४२ टक्क्यांनी हिंसेचा धोका वाढल्याचे आणि ३८ टक्क्यांनी निरोधाचा आग्रह धरणे अधिक कठीण झाल्याचे सांगितले. देहविक्रय करणाऱ्या २६१ व्यक्तींनी या कायद्याविरुद्ध युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली. २५ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने एकमताने खासगी जीवनाच्या हक्काचा भंग झालेला नाही असा निर्णय दिला. मात्र कायदा हितावह आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. युरोपात या प्रश्नावर तीव्र मतभेद असल्याने निवडीचा अधिकार राष्ट्रीय संसदेचा आहे, असे त्याचे तर्कशास्त्र होते.

भारत

भारतात देहविक्रय हा स्वतः गुन्हा नाही. त्याच्या सभोवतालच्या बहुतेक गोष्टी मात्र अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ खाली गुन्हा आहेत. सार्वजनिक ठिकाणापासून २०० मीटरच्या आत देहविक्रय झाल्यास कलम ७ नुसार संबंधित व्यक्तीबरोबर गिऱ्हाईकही शिक्षेस पात्र ठरते. ही तरतूद चर्चेत क्वचितच येते. कलम ८ खाली गिऱ्हाईक बोलावण्याबद्दल स्त्रीस पहिल्या गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो, तर तोच गुन्हा पुरुषाने केल्यास कमाल मर्यादा तीन महिने आहे. स्वीडिश तत्त्वाच्या दृष्टीने पाहता हा क्रम नेमका उलटा आहे.

तत्कालीन महिला व बालविकास राज्यमंत्री रेणुका चौधरी यांच्या कार्यकाळात मे २००६ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकाने हा क्रम पालटण्याचा प्रयत्न केला. त्यात कलम ८ वगळण्याचा आणि तस्करीच्या बळीचे लैंगिक शोषण करण्यासाठी कुंटणखान्यात जाणाऱ्यास शिक्षा देणारे कलम '५ ग' घालण्याचा प्रस्ताव होता. कोलकात्याची दुर्बार महिला समन्वय समिती आणि सांगलीतील वेश्या अन्याय मुक्ती परिषद यांसारख्या संघटनांनी कलम ८ वगळण्याचे स्वागत केले, पण '५ ग' ला कडाडून विरोध केला. आतील स्त्री तस्करीची बळी आहे की नाही हे दारात उभ्या पोलिसाने कसे ठरवायचे, असा त्यांचा प्रश्न होता. धाडी व हप्ते वाढतील आणि गिऱ्हाईक तुटेल, ही भीती होती. एचआयव्ही प्रतिबंधाचे काम कोलमडेल या कारणास्तव आरोग्य मंत्रालयानेही हरकत घेतली. दुसरीकडे रुचिरा गुप्ता यांची 'अपने आप' ही संस्था खरेदीदारांना शिक्षा व्हावी यासाठी आग्रही राहिली. २००९ मध्ये चौदावी लोकसभा विसर्जित होताच हे विधेयक व्यपगत झाले आणि त्याबरोबर कलम ८ वगळण्याचा प्रस्तावही गेला.

महाराष्ट्रात हा वाद केवळ कागदोपत्री राहिला नाही. मीना शेषू यांनी १९९२ मध्ये सांगलीत सुरू केलेल्या 'संग्राम' या संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. 'वेश्या' हा शिवीसारखा वापरला जाणारा शब्द तिने आपल्या नावात जाणीवपूर्वक धारण केला.

२०१३ च्या फौजदारी दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ३७० अ आणले. व्यक्ती तस्करीची बळी आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, तिचे लैंगिक शोषण करणाऱ्यास त्यात किमान तीन वर्षे कारावासाची तरतूद होती. आता ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. '५ ग' चा गाभा अशा रीतीने कायद्यात आला, तोही अधिक कठोर शिक्षेसह. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव करमास्कर प्रकरणात देहविक्रय करणाऱ्या व्यक्तींना सन्मानाने वागवण्याचे आणि त्यांच्या तक्रारींची इतर नागरिकांप्रमाणेच दखल घेण्याचे निर्देश पोलिसांना दिले. गिऱ्हाइकाच्या दायित्वाबाबत उच्च न्यायालयांत मात्र एकमत नाही: कुंटणखान्यात सापडलेला माणूस केवळ गिऱ्हाईक असल्यास कलम ५ लागू होत नाही, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे, तर केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये याच्या विरुद्ध अर्थ लावला.