डॉक्टरेटनंतरची उमेदवारी

वैद्यकीय संशोधनात डॉक्टरेट मिळाल्यानंतर आणि कायमची जागा लाभण्यापूर्वी जी काही वर्षे एखाद्या ज्येष्ठ संशोधकाच्या प्रयोगशाळेत काढावी लागतात, त्यांना आज ‘पोस्टडॉक’ म्हणतात. मात्र ही उमेदवारी नोकरी म्हणून जन्मली नव्हती. ऑटो बाइट यांनी १९०९ साली आपल्या दिवंगत बंधूंच्या स्मरणार्थ ब्रिटनमध्ये वैद्यकीय संशोधनासाठी अधिछात्रवृत्ती, म्हणजे निर्वाहाची चिंता न करता काम करता यावे म्हणून ठरावीक मुदतीपुरता दिला जाणारा निधी, सुरू केली आणि १९२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने रॉकफेलर यांच्या पैशातून तशीच सोय केली. हा निधी व्यक्तीच्या नावे असल्याने कोणाच्या हाताखाली शिकायचे हे बऱ्याच अंशी तिलाच ठरवता येई. पण तो मिळवायचा तर गुरूच्या शब्दाला वजन असावे लागे.

केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन १९३६ साली ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी यांच्या विभागात आलेले नॉर्मन हीटली १९३९ साली रॉकफेलर अधिछात्रवृत्तीवर कोपनहेगनला जाणार होते, परंतु महायुद्ध पेटले, जाणे रहित झाले आणि ते फ्लोरींच्या पेनिसिलिनच्या कामाला लागले. पेनिसिलिन देणारी बुरशी वाढवण्यासाठी उथळ, पसरट भांडी हवी होती, म्हणून त्यांनी रुग्णालयातले बेडपॅन वापरून पाहिले आणि पुढे त्याच धर्तीची चिनी मातीची भांडी मुद्दाम घडवून घेतली. २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना घातक जंतू टोचून त्यांतील चौघांना पेनिसिलिन देण्यात आले, तेव्हा औषध न मिळालेले चारही उंदीर मरेपर्यंत, पहाटे पावणेचारपर्यंत, हीटली तिथेच बसून होते. पेनिसिलिनसाठी १९४५ चे नोबेल ते शोधणारे फ्लेमिंग, फ्लोरी आणि फ्लोरींचे सहकारी चेन यांना मिळाले. हीटलींना ऑक्सफर्डने वैद्यकशास्त्राची मानद डॉक्टरेट दिली ती १९९० साली. उमेदवाराच्या हातच्या कामाची दखल इतक्या उशिरा घेतली जावी, ही या पदाच्या इतिहासातली सलणारी गोष्ट आहे.

युद्धानंतर अमेरिकी सरकारचा पैसा वैद्यकीय संशोधनात ओतला जाऊ लागला आणि त्यातला मोठा भाग प्रयोगशाळेच्या प्रमुखाला अनुदान म्हणून मिळू लागल्यामुळे उमेदवाराचे वेतनही त्याच अनुदानातून निघू लागले. अनुदान असेतोवर जागा, ते संपले की पुन्हा शोधाशोध, ही आजची रीत तेव्हापासून रुळली.

भारतात अशा जागा मुळातच तुटपुंज्या होत्या. सरकारी शिष्यवृत्तीवर लिव्हरपूलला जाऊन १९४८ साली डॉक्टरेट मिळवलेल्या हरगोविंद खुराना यांनी झुरिकला व्लादिमिर प्रेलॉग यांच्या प्रयोगशाळेत सुमारे वर्षभर विनावेतन काम केले आणि १९४९ साली ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांना इथे काम मिळाले नाही. अखेर केंब्रिजच्या अधिछात्रवृत्तीने त्यांना आसरा दिला. परदेशातून परतणाऱ्या शास्त्रज्ञांना कायमची जागा मिळेपर्यंत तात्पुरते वेतन देऊन संस्थांमध्ये सामावून घेणारी ‘सायंटिस्ट्स पूल’ योजना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५८ साली सुरू केली. खुरानांना तिचा उपयोग होण्याची वेळ टळून गेली होती: १९६८ साली जनुकीय संकेतावरील कामासाठी त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा ते अमेरिकेचे नागरिक होऊन दोन वर्षे झाली होती.