रूळ दिसतायत का?

पावसाळ्यात बाबांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. जेवलास का, छत्री आहे का, हे सगळं नंतर. आधी, "रूळ दिसतायत का?"

माझं ऑफिस कुर्ला आणि विद्याविहारच्या मध्ये, रेल्वेमार्गाच्या कडेला आहे. सातव्या मजल्यावरच्या पँट्रीच्या खिडकीतून मध्य रेल्वेचे रूळ दिसतात. म्हणजे एरवी दिसतात.

हा प्रश्न त्यांना २६ जुलै २००५ पासून चिकटलाय. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो, आम्ही कळव्याला राहायचो आणि बाबा फोर्टमधल्या एका कंपनीत हिशेबाचं काम करायचे. तो मंगळवार होता. बाबा सांगतात की फोर्टात त्या दिवशी पाऊस होता, पण जुलैत असतो तसाच. कुणी खिडकीपाशी उठून गेलं नाही. साडेचारला उपनगरांतून एकदोन फोन आले, साहेबांनी 'लांबचे लोक निघा' म्हटलं आणि लांबचे लोक निघाले. सीएसटीला गाड्या उभ्या होत्या. बाबा चालू लागले ते दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला घरी पोहोचले.

कुलाबा वेधशाळेत त्या चोवीस तासांत ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सांताक्रूझला ९४४. दोन ठिकाणांत अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. म्हणजे साहेबांनी ज्या खिडकीतून बघून निर्णय घेतला, त्या खिडकीत अर्धं शहर मावतच नव्हतं. सांताक्रूझला पावसाचा वेग ऐन भरात तासाला १९० मिलिमीटरपर्यंत गेला होता आणि शहराची जुनी गटारव्यवस्था आखलेली होती तासाला २५ मिलिमीटरसाठी, तेही ओहोटी असेल तर. त्या दुपारी नेमकी मोठी भरती होती. क्षमता दुप्पट करा, असं सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ पासून तयार होता. बारा वर्षं!

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, इंजिनिअरिंग केलंय आणि पोटासाठी कोड लिहितो. पण बाबांच्या त्या चालण्याचा नकाशा एकदा काढायला बसलो आणि लक्षात आलं की त्यांना जिथे जिथे जास्त पाणी लागलं, ती सगळी ठिकाणं दोनशे वर्षांपूर्वी पाणीच होती. सायन म्हणजे शीव, मुंबई बेटांची हद्द. त्यापलीकडे खाडी आणि दलदल, मग साष्टी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे बांध घालून रस्ता झाला, १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी शीवची दलदल मातीच्या भरावावरून ओलांडून गेली. त्या भरावाचं कौतुक आपण शाळेत शिकतो. पण बांध घातला की पाण्याची वाट अडते आणि पाणी आपली वाट विसरत नाही, हे शाळेत कुणी शिकवत नाही. पुढे मिठीच्या काठाने विमानतळ वाढला, खारफुटी बुजवून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं, आणि कुर्ला-सायन हा बशीचा तळ झाला. २००५ नंतर माधवराव चितळे समितीने नद्या-नाल्यांवरच्या अशा अतिक्रमणांचा सविस्तर हिशेब मांडला आहे, तो ज्याला हवा त्याने जरूर वाचावा. मला इथे दुसरंच बोलायचं आहे.

लोकल बंद का पडते? लहानपणी मला वाटायचं, गाडी बुडते म्हणून. प्रत्यक्षात रुळाच्या माथ्यावर साधारण चार इंच पाणी चढलं की लोकल थांबवतात. मुंबईत १९२५ पासून विजेवरच्या लोकल धावतायत आणि या गाड्यांचे मोटर डब्यांच्या पोटाखाली, चाकांच्या शेजारी असतात. पाणी तिथे पोहोचलं की मोटर जळते. पण बऱ्याचदा गाडी त्याच्याही आधी थांबते, कारण सिग्नल लाल होतो. आणि हा सिग्नल लाल का होतो, ही माझी अत्यंत आवडती गोष्ट आहे.

१८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने ट्रॅक सर्किट शोधलं. कल्पना साधी आहे. रुळांच्या एका तुकड्यातून बारीकसा वीजप्रवाह सोडायचा. तो पलीकडच्या रिलेपर्यंत पोहोचत असेल तर मार्ग मोकळा. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन रुळांना जोडतात, प्रवाह मधेच वळतो, रिले पडतो, सिग्नल लाल. पण याचं खरं सौंदर्य पुढे आहे. तार तुटली, लाल. बॅटरी संपली, लाल. रूळ तुटला, तरी बहुधा लालच. पाणी साचून प्रवाह एका रुळातून दुसऱ्यात गळू लागला, लाल. म्हणजे यंत्रणेला जेव्हा काहीच कळत नसतं, तेव्हा ती 'थांबा' म्हणते. हिरवा दिवा मिळवावा लागतो, लाल आपोआप असतो. आमच्या धंद्यात याच्या बरोबर उलट चालतं. समोरच्या सर्व्हरने उत्तर दिलं नाही की आम्ही पुन्हा विचारतो, पुन्हा विचारतो, आणि शेवटी काहीतरी उत्तर आहे असं धरून पुढे जातो. रॉबिन्सनने आमचा कोड पास केला नसता.

पाण्याखालच्या मार्गावरून गाडी न्यायचीच झाली तर रेल्वेचा आणखी एक जुना नियम आहे. दोन माणसांनी गाडीपुढे शेजारी शेजारी चालायचं, स्लीपरच्या दोन टोकांना, हातातल्या काठीने खाली खडी आहे की वाहून गेलीय हे चाचपत. गाडी त्यांच्यामागून, त्यांच्या वेगाने. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हा परिच्छेद बाबांना वाचून दाखवला. ते हसले. म्हणाले, "आम्ही तेच करत होतो की. फक्त मागे गाडी नव्हती."

त्यांनी रात्र सायनला एका इमारतीच्या जिन्यात काढली. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी तिसाएक अनोळखी माणसांना चहा आणि पारलेजी दिलं, हे ते दरवर्षी सांगतात. सकाळी रस्त्यापेक्षा रेल्वेचा भराव उंच म्हणून सगळे रुळांवर चढले. कुर्ल्यात रूळही पाण्याखाली होते. बाबा पायाने रूळ चाचपत, पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून चालले. पुढचा माणूस कोण होता, त्यांना माहीत नाही. मुंबईत त्या दिवसांत चारशेहून जास्त माणसं गेली. काही बंद गाड्यांच्या काचा न उघडल्याने गाडीतच. नंतर 'मुंबईचं स्पिरिट' या शब्दाचं जे काय झालं त्याबद्दल बाबा फार कडवट बोलतात. त्यांचं म्हणणं, स्पिरिट वगैरे काही नव्हतं, आम्हाला कुणी थांबा म्हणालं नाही म्हणून आम्ही चालत होतो.

मला तेच खटकत राहतं. रुळांना दीडशे वर्षांपासून कळतं की माहिती नसेल तर थांबायचं. त्याच रुळांवरून जाणाऱ्या माणसाला मात्र माहिती नसेल तर निघायचं असतं. गाडी सुरक्षित थांबते आणि आतला माणूस दारातून खाली उडी मारून पाण्यात उतरतो. १८७२ चं शहाणपण डब्याच्या दारापर्यंतच.

थांबणं शिकता येतं का? एका रेल्वेने शिकलंय, पण फार मोठी किंमत देऊन. आमचं गाव वैभववाडी तालुक्यात. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची विशेष गाडी दरडीवर आदळली. पन्नासहून जास्त माणसं गेली. सुट्टी संपवून परतणारे चाकरमानी, पोराबाळांसकट. आम्ही त्याच सुट्टीत आठवडाभर आधी एसटीने परतलो होतो. वर्षही झालं नाही तोच १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दरडीच्या धोंड्यांवर आदळून पुलावरून घसरली. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली तेव्हा ती वेगाची गोष्ट होती, मुंबई-गोवा एका रात्रीत वगैरे. या दोन अपघातांनंतर तिच्याकडे बघण्याची नजर बदलली.

आज कोकण रेल्वेचं पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं असतं. वर्षानुवर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. मुंबई-मडगाव वंदे भारत एरवी पावणेआठ तासांत जाते, पावसाळ्यात तिलाच दहा तास लागतात आणि तिकिटावर तसं छापलेलं असतं. दहा तास म्हणजे उशीर नाही, दहा तास हीच वेळ. पाऊस फार झाला तर चालकाने वेग ताशी ४० वर आणायचा. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा स्थानकांवर पर्जन्यमापक आहेत. काळ, सावित्री, वाशिष्ठी नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रं, पानवलच्या उंच पुलावर आणि मांडवी-जुवारीवर वारा मोजणारी. आणि या सगळ्यावर सहाशेहून जास्त माणसं गस्तीला, रात्री बॅटरी घेऊन कटिंगमधून चालणारी. गणपतीला जाताना मध्यरात्री एखाद्या बोगद्याच्या तोंडाशी गाडी हळू होते आणि रेनकोटातला एक माणूस हिरवा दिवा धरून उभा दिसतो, तेव्हा आख्खा डबा झोपलेला असतो. मला दिसला की मी उगाच हात हलवतो.

यातलं अवघड काम यंत्रांचं नाही. अवघड काम वेळापत्रकात पाऊस लिहिण्याचं आहे. कारण एकदा छापलं की प्रवासी, हॉटेलवाला, स्टेशनावर घ्यायला येणारा काका, सगळे त्यानुसार वागतात.

मुंबईत हे एकदा अर्धंमुर्धं झालं आणि फसलं. २०१९ च्या जुलैत सांताक्रूझला चोवीस तासांत पावणेचारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. २ जुलैला सरकारने सुट्टी जाहीर केली. ३ जुलैला मध्य रेल्वेने रविवारचं वेळापत्रक चालवलं, म्हणजे गाड्या कमी. रेल्वेच्या बाजूने विचार केला तर शहाणपणाचं होतं. पण ऑफिसं बुधवारची होती. माझी पहिली नोकरी, प्रोबेशन. ठाण्याला तीन गाड्या सोडल्या, चौथीला दांड्याला लटकलो. मुलुंडच्या आधी कुणाची तरी ओली बॅग माझ्या हातावरून घसरली आणि बोटं सुटता सुटता राहिली. किती सेकंद ते सांगता येणार नाही. ऑफिसला सव्वा तास उशिरा पोहोचलो म्हणून अर्ध्या दिवसाची रजा कापली गेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण कुठलंही लिहिलं तरी चाललं असतं.

२००५ नंतर माहिती पुष्कळ सुधारली, हे मान्य केलं पाहिजे. महापालिकेची स्वयंचलित पर्जन्यमापकं दर पंधरा मिनिटांनी आकडे देतात, डॉप्लर रडार आलं, साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा पावसाळ्याआधीच जाहीर होतात. बाबा त्या तारखांना कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करतात. फोर्टातल्या साहेबाला आता सांताक्रूझचा पाऊस खिशातल्या फोनवर दिसतो. पण फोनवर दिसलं म्हणून निघायचं की थांबायचं हे ज्याचं त्यानेच ठरवायचं, आणि रजा ज्याची त्याची कापली जाणार.

१९ ऑगस्ट २०२५ ला मी सकाळी सातलाच ऑफिसात होतो, रात्रीच्या रिलीजची निस्तरानिस्तर चालली होती. खासगी कार्यालयांनी घरून काम करू द्यावं, अशी त्या दिवशी पालिकेची सूचना होती. अकराच्या सुमारास सीएसएमटी ते ठाणे गाड्या बंद झाल्या, हार्बरही बंद. त्या संध्याकाळी लोकल नाही म्हणून लोकांनी मोनोरेल भरली. ती क्षमतेपेक्षा जड होऊन म्हैसूर कॉलनीजवळ हवेत अडकली आणि पाचशेहून जास्त माणसांना शिड्या लावून उतरवावं लागलं. एक वाट बंद झाली की माणसं दुसरी शोधतात. घरी जायचंच असतं.

आता मी टीम लीड आहे. आठ जणांची टीम, त्यातले चार ठाण्याच्या पलीकडचे. त्या सकाळी साडेसातला मी ग्रुपवर लिहिलं होतं, "आज कुणीही निघू नका. निघाला असाल तर परत फिरा." टिटवाळ्याच्या मुलीने लगेच विचारलं, "सर, लीव्ह मार्क होईल का?" मी 'नाही' लिहिलं आणि पाठवलं. मग एचआरला मेल केला. उत्तर दोन दिवसांनी आलं, तेही 'या वेळेपुरतं' म्हणून.

साडेअकराला बाबांचा फोन आला. मी पँट्रीत गेलो, खिडकी पुसली.

"रूळ दिसतायत का?"

"नाही."

"मग बस तिथेच. आईला मी सांगतो."