आखाजीचे पत्त्यांचे डाव

खानदेशात, म्हणजे मुख्यतः जळगाव व धुळे या जिल्ह्यांत, अक्षय्य तृतीयेच्या सणास ‘आखाजी’ म्हणतात. या सणाच्या सुमारास गावोगाव पैसे लावून पत्ते खेळण्याची प्रथा आहे. अशा डावांत हाती आलेल्या पानांइतकेच महत्त्व समोर बसलेल्या माणसाच्या स्वभावाला असते. कोण घाबरून पाने टाकतो, कोण हट्टाने शेवटपर्यंत पैसे भरीत राहतो, हे ओळखून आपला खेळ बदलणे हे या डावांतील मुख्य कौशल्य होय. पोकर या पाश्चात्त्य खेळाच्या निमित्ताने विसाव्या शतकातील गणितज्ञांनी याच कौशल्याची शास्त्रीय मांडणी केली. आखाजीच्या डावांतून या कौशल्याचे स्वरूप जसे दिसते, तशाच त्याच्या मर्यादाही स्पष्ट होतात.

सण व शेतीचे वर्ष : आखाजी हा खानदेशात दिवाळीच्या तोलाचा सण मानला जातो. पितरांच्या नावाने पाण्याची घागर पुजली जाते, पुरणपोळी व आमरसाचे जेवण होते, सासुरवाशिणी माहेरी येतात आणि झाडांना झोके बांधून अहिराणी गाणी म्हणतात. जळगावनजीकच्या असोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी या सणावर कविता रचली आहे. स्त्रियांचा सण झोक्यावर, तर पुरुषांचा पत्त्यांच्या डावावर, अशी विभागणी कित्येक गावांत दिसून येते.

शेतीच्या व्यवहारातही या तिथीला महत्त्व आहे. वर्षाच्या कराराने शेतावर राबणाऱ्या गड्यास खानदेशात ‘सालदार’ म्हणतात. त्याचे साल आखाजीस संपते व नवे साल त्याच दिवसापासून धरले जाते. जुना हिशोब चुकता होतो, नव्या सालाची उचल ठरते. रब्बीचा माल विकून झालेला असतो आणि खरिपाच्या पेरणीस महिना-दीड महिना अवकाश असतो. त्यामुळे शेतकरी व सालदार या दोघांच्याही हाती थोडी रोकड व थोडी सवड एकाच वेळी येते. ही रोकड शिलकीची नसते. तिच्यातूनच पुढे बियाणे व खत घ्यायचे असते आणि पावसाळ्याचे दिवस काढायचे असतात. डावात लागणाऱ्या पैशाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

पूर्वपरंपरा : प्रतिस्पर्ध्याचा स्वभाव हेरून डाव मांडण्याची कल्पना भारतीय परंपरेस नवी नाही. महाभारताच्या सभापर्वात शकुनी दुर्योधनास जो सल्ला देतो, त्याचा आधार फाशांचे ज्ञान एवढाच नाही. युधिष्ठिराला द्यूताची आवड आहे पण त्यात गती नाही, आणि आव्हान आले असता तो नकार देऊ शकणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे डाव बसण्यापूर्वीच प्रतिस्पर्ध्याचे तीन गुणधर्म त्याने हेरले होते. पुढे वनपर्वातील नलोपाख्यानात नल राजा ऋतुपर्णाकडून ‘अक्षहृदय’ ही विद्या मिळवितो व गमावलेले राज्य परत जिंकतो. हे आख्यान सांगणारे बृहदश्व ऋषी अखेर युधिष्ठिरालाही ती विद्या देतात. द्यूतात दैवाबरोबर शिकण्याजोगेही काही असते, ही जाणीव या कथांमागे आहे.

पत्ते मात्र भारतात पुष्कळ उशिरा आले. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आढळतो. महाराष्ट्रात सावंतवाडी येथे गोल पानांच्या गंजिफा रंगविण्याची कला टिकून राहिली. तेथील दशावतारी गंजिफेत दहा रंग व १२० पाने असतात. इस्पिक, बदाम, चौकट व किलवर या चार रंगांची ५२ पाने यूरोपीयांबरोबर आली. आज सर्वत्र खेळली जाणारी ‘तीन पत्ती’ किंवा ‘तीन पानी’ ही ‘ब्रॅग’ या इंग्रजी खेळापासून निघाली. पोकर हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात रूढ झाला. त्याचे नातेही ब्रॅग व ‘पोक’ या फ्रेंच खेळाशी जोडले जाते. त्यामुळे तीन पानी व पोकर यांस एकाच कुळातील खेळ म्हणता येईल. आपली पाने झाकून बोली चढविणे व हूल देऊन दुसऱ्यास पाने टाकावयास लावणे हे दोहोंचे समान लक्षण होय.

पानांचे गणित : ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात संभवतात. त्यांपैकी तिन्ही पाने सारख्या मोलाची असलेले हात केवळ ५२ आहेत. एकाच रंगाच्या ओळीचे ४८, मिश्र रंगांच्या ओळीचे ७२०, ओळ नसलेले पण एका रंगाचे १,०९६ व जोडीचे ३,७४४ हात होतात. उरलेल्या १६,४४० हातांत यांपैकी काहीच नसते. म्हणजे दर चार डावांपैकी सुमारे तीन डावांत खेळाडूच्या हाती केवळ सुटी पाने येतात. अशा संचयांची व क्रमांची मोजणी भास्कराचार्यांच्या (१११४–८५) लीलावतीत आली असून क्रमचयांसाठी त्यात ‘अंकपाश’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी जो मठ स्थापिला, तो जळगाव जिल्ह्यातच, चाळीसगावजवळील पाटण येथे होता. तेथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात त्याची नोंद आहे.

बहुतेक वेळी कोणाच्याच हाती विशेष काही नसते, यावरून हुलीचे महत्त्व कळते. पाने सर्वांनाच सारख्याच दैवाने मिळतात. दीर्घकाळात खेळाडूखेळाडूंत जो फरक पडतो, तो बोलीमुळे व समोरच्याच्या पारखीमुळे पडतो.

प्रतिस्पर्ध्यांचे प्रकार : पोकरच्या अभ्यासकांनी खेळाडूंचे वर्गीकरण दोन निकषांवर केले आहे. पहिला निकष, तो किती हात खेळतो. दुसरा, तो चढाईने खेळतो की दबकत. त्यावरून चार प्रकार होतात. पुष्कळ हात खेळणारा पण स्वतः बोली न चढविणारा खेळाडू केवळ पैसे भरीत राहतो. त्याच्यापुढे हूल व्यर्थ असते, कारण तो पाने टाकीतच नाही. उलट मध्यम प्रतीच्या हातावरही त्याच्याकडून पैसे काढता येतात. थोडे हात खेळणारा व दबकणारा खेळाडू मोठ्या बोलीस भितो. त्याच्यावर हूल वारंवार चालते, पण त्याने स्वतः बोली चढविली, तर आपण पाने टाकणे शहाणपणाचे ठरते. पुष्कळ हात खेळणारा व सतत चढाई करणारा खेळाडू स्वतःच्याच हुलीत सापडतो. चांगला हात आल्यावर गप्प राहून त्यालाच बोली वाढवू देणे, हा त्याच्यावरील उपाय होय. थोडे हात निवडून चढाईने खेळणारा हा सर्वांत अवघड प्रतिस्पर्धी. चांगले पान नसता त्याच्या वाटेस न जाणे इष्ट.

तीन पानीत पाने न पाहता खेळण्याची मुभा असते व अशा खेळाडूस पाने पाहिलेल्याच्या निम्मी रक्कम भरावी लागते. येथे पारख आणखी कठीण होते. ज्याने स्वतःच आपली पाने पाहिलेली नाहीत, त्याच्या चेहऱ्यावरून पानांविषयी काहीच वाचता येत नाही. त्याच्या सवयी तेवढ्या माहीत असू शकतात.

हुलीचे गणित : समजा, डावात १०० रुपये जमले आहेत आणि एकाने हाती काही नसता ५० रुपयांची हूल दिली. प्रतिस्पर्धी तीनांतून एकापेक्षा अधिक वेळा पाने टाकीत असेल, तर ही हूल फायद्याची ठरते. तो निम्म्या वेळा पाने टाकणारा असेल, तर प्रत्येक हुलीमागे सरासरी २५ रुपये सुटतात. पाचांतून एकदाच टाकणारा असेल, तर सरासरी २० रुपये जातात. पाने व रक्कम तीच असूनही केवळ समोरचा माणूस बदलल्यामुळे नफ्याचा तोटा होतो.

या विचारास शास्त्रीय रूप देण्याचा आरंभ एमील बॉरेल या फ्रेंच गणितज्ञाने १९२१ पासून केला. जॉन फॉन नॉयमान (१९०३–५७) याने १९२८ मध्ये द्विपक्षी खेळांचा मूलभूत सिद्धांत सिद्ध केला. ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबर १९४४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्याने पोकरचे विवेचन करून असे दाखविले की, हूल ही केवळ धाडसाची लहर नसून उत्तम खेळाचा आवश्यक भाग आहे. ठराविक प्रमाणात हूल देणाऱ्या खेळाडूविरुद्ध कोणताही डावपेच दीर्घकाळ लाभदायक ठरत नाही. वरील उदाहरणात १०० रुपयांवर ५० रुपये लावणाऱ्याच्या दर चार बोलींपैकी एक हूल असावी, असे हे प्रमाण निघते.

यातून दोन मार्ग समोर येतात. समतोल खेळणाऱ्यास प्रतिस्पर्ध्याची माहिती लागत नाही आणि त्याचे गुपित फुटण्याचे भयही नसते. परंतु समोरच्याच्या चुकांचा पूर्ण लाभ त्याला घेता येत नाही. उलट, प्रतिस्पर्ध्याचा स्वभाव पाहून खेळणारा अधिक कमावतो, पण त्यासाठी समतोल सोडतो आणि तितका स्वतःही उघडा पडतो. भित्र्यावर सतत हूल टाकणाऱ्याची सवय भित्र्याच्या लक्षात आली, की तोच पुढे पैसे भरू लागतो. अमेरिकेत २०१७ मध्ये ‘लिब्राटस’ या संगणकीय कार्यक्रमाने चार निष्णात पोकरपटूंस हरविले, ते मुख्यतः पहिल्या मार्गाने; त्यांच्या स्वभावदोषांचा शोध हा त्याच्या खेळाचा पाया नव्हता. माणसे मात्र बहुधा दुसऱ्याच मार्गाने खेळतात.

गावातील डाव : आखाजीच्या डावात हा दुसरा मार्ग अधिकच स्वाभाविक ठरतो. क्लबात किंवा गोव्यातील कॅसिनोत एकत्र येणारे खेळाडू बहुधा परस्परांस अपरिचित असतात. त्यांना डाव चालू असतानाच एकमेकांची ओळख करून घ्यावी लागते. गावात ती ओळख वर्षभराची असते. कोणाचे कर्ज थकले आहे, कोण बैलजोडीच्या सौद्यात घाईस येतो, कोणास हरल्याचे बोलणे सहन होत नाही, हे सर्वांस ठाऊक असते. ही माहिती शेजारधर्मातून मिळालेली असते आणि डावात ती शेजाऱ्याविरुद्धच वापरली जाते. उलटपक्षी, आपलीही तेवढीच माहिती समोरच्यास असते, हे विसरणारा खेळाडू बहुधा नुकसानीत जातो.

तथापि पारखीचा लाभ दिसून येण्यास शेकडो डाव लागतात. सणाच्या एकदोन रात्रींत पानांचा चढउतारच प्रबळ ठरतो. शिवाय जेथे अड्डा चालविणारा असतो, तेथे तो प्रत्येक डावातून ‘नाल’ म्हणजे आपला हिस्सा काढून घेतो. समजा, दहा जणांनी प्रत्येकी १,००० रुपये आणले, रात्रभरात सर्व डाव मिळून ४०,००० रुपयांची उलाढाल झाली आणि शेकडा पाच नाल निघाली, तर दहा हजारांपैकी २,००० रुपये बैठकीतून कायमचे बाहेर जातात. उरलेले आठ हजार कोणाकडेही गेले, तरी दहा जणांचा मिळून तोटाच होतो. ‘अंदर-बाहर’सारख्या खेळात तर बोली व हूल यांस स्थानच नसते. पान कोणत्या बाजूस पडेल, एवढाच प्रश्न असल्याने तेथे पारखीचा काहीही उपयोग नाही.

कायदा : मुंबई इलाख्यासाठी केलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक अधिनियमाने जुगाराचे अड्डे चालविणे व सार्वजनिक जागी जुगार खेळणे दंडनीय ठरविले, निव्वळ कौशल्याच्या खेळांस मात्र त्याच्या १३ व्या कलमाने वगळले. आखाजीस पत्त्यांना मोकळीक असते, असा लोकसमज असला, तरी कायद्यात सणासाठी कोणतीही सूट नाही. कौशल्य व दैव यांच्या सीमारेषेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेश शासन विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला (१९६७). पाने लक्षात ठेवणे व ती जुळविणे यांमुळे रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला गेला. तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ दैवाचा ठरविण्यात आला. पोकरविषयी एकवाक्यता झाली नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने त्याला जुगारातून वगळले, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगारच असल्याचा निर्णय दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला. त्यात खेळ कौशल्याचा की दैवाचा, हा भेदच बाजूस ठेवण्यात आला.

शास्त्राच्या दृष्टीने पाहता, तीन पानीत कौशल्यास मुळीच वाव नाही असे म्हणणे कठीण आहे. माणसांची पारख हे त्यातील कौशल्य होय. परंतु ज्या परिस्थितीत आखाजीचे डाव खेळले जातात, तीत या कौशल्यास फळ धरण्याइतका अवधीच मिळत नाही. ज्यास तो मिळतो, त्याची कमाईही नव्या धनातून होत नाही. ती शेजाऱ्याच्या बियाण्यातून किंवा सालदाराच्या उचलीतून येते आणि पेरणीच्या वेळी तिची उणीव त्याच गावात भरून काढावी लागते.