‘अमर्याद’ डेटाला मर्यादा

अमेरिकेतील ‘एटी अँड टी’ने जून २०१० मध्ये नव्या ग्राहकांसाठी ३० डॉलरची अमर्याद डेटा योजना बंद केली. तिच्याऐवजी १५ डॉलरमध्ये २०० एमबी किंवा २५ डॉलरमध्ये २ जीबी, असे पर्याय उरले. केवळ ई-मेल पाहणाऱ्यांचा त्यात फायदाच होता. जुलै २०११ मध्ये ‘व्हेरायझन’नेही तोच मार्ग धरला. जुन्या ग्राहकांना मूळ योजना कायम ठेवण्याची मुभा होती. परंतु ‘एटी अँड टी’ २०११ पासून ठरावीक वापरानंतर त्यांचा वेग घटवू लागली. ‘अमर्याद’ हा शब्द बिलापुरताच राहिला! याविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये दावा दाखल केला. २०१९ मध्ये कंपनीने ६ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तत्पूर्वी, २०१७ मध्येच, दोन्ही कंपन्यांनी अमर्याद योजना सर्वांसाठी पुन्हा खुल्या केल्या होत्या; २२ जीबीनंतर गर्दीच्या वेळी वेग कमी होण्याची अट मात्र त्यांतही होती.