तळटीप : सुरंगीचा वळेसर

हा वळेसर (केसांत माळायचा गजरा) सुरंगीच्या फुलांचा. सुरंगी (मॅमिया सुरिगा) हा पश्चिम घाट व कोकण-गोव्यातला सदाहरित वृक्ष. कोशांतले ‘एक सुगंधी फूल’ एवढेच वर्णन या झाडावर अन्याय करणारे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये जून फांद्यांना थेट सालीवरच कळ्या लगडतात. वळेसरासाठी त्या उमलण्याच्या बेतात असताना, भल्या पहाटे खुडाव्या लागतात. पांढऱ्या पाकळ्यांत पिवळ्या केसरांचा गच्च झुबका. फूल सुकले तरी वास जात नाही. म्हणूनच वेंगुर्ले तालुक्यात वाळवलेल्या कळ्यांचाही व्यापार चालतो. त्या अत्तरासाठी आणि रेशीम रंगवायला वापरतात. बियांपासून वाढवलेले झाड फुलायला बरीच वर्षे घेते, शिवाय ते नर निघेल की मादी हे आधी कळत नाही. लागवड करायची तर कलमेच लावावीत.